फास्टर फेणेचे वाचक आणि आपण

लहानपणी काय वाचलेत, असे एखाद्या मराठी लेखकाला, प्राध्यापकाला किंवा पत्रकाराला विचारले की तो जी चार नावे घेतो त्यांत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बहुधा असतोच. २०१७ साली या फास्टर फेणेवर चित्रपट निघाला तेव्हा अशा आठवणींना पुन्हा भरते आले. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर त्याची मालिका झाली होती; ती पाहिलेली पिढी आता पन्नाशीच्या आसपास आली आहे आणि हळवी झाली आहे. या सगळ्या बोलण्या-लिहिण्यातला सूर असा की या पुस्तकांनी आमचे बालपण घडवले, आम्हाला धीट केले, आम्हाला जग दाखवले. हा सूर खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. त्यातल्या 'आमचे' या एका शब्दाची मात्र मला चौकशी करायची आहे. मराठी समीक्षेत हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. वाचकांची मते म्हणून जी छापून येतात ती ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट होते त्यांची मते असतात. ज्याच्या घरात पहिले पुस्तक शाळेने दिले तो या मतगणनेत धरलेलाच नसतो.

भागवत (१९१०–२००१) हा लेखक सहज मोडीत काढण्यासारखा नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' मासिक सुरू केले, ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, आणि बोधकथांच्या ओझ्याखाली दबलेल्या बालसाहित्याला पळायला शिकवले. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो. अंगाने काटकुळा, सायकलवर तरबेज, तोंडाने 'टॉक्' असा आवाज काढणारा हा पोरगा वीसएक पुस्तकांतून धावत राहतो. त्याच्या काही साहसांना युद्धाची पार्श्वभूमी आहे. 'जवानमर्द फास्टर फेणे', 'फास्टर फेणेचा रणरंग' ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. मराठीत कुमारवयीन मुलगा, युद्ध आणि जीव वाचवण्याची धडपड या तिन्ही गोष्टी लोकप्रिय मालिकेच्या रूपाने एकत्र आणणारे नाव शोधायला गेलो की मी याच नावापाशी येऊन थांबतो.

गेली काही वर्षे मी माझ्या मराठीच्या विद्यार्थ्यांना ही पुस्तके वाचायला देतो आणि वाचून झाल्यावर एक-दोन पाने लिहायला सांगतो. परीक्षेशी त्याचा संबंध नाही. मुले कन्नड, सिल्लोड, पैठण, अंबड, बदनापूर या बाजूंची असतात. छत्रपती संभाजीनगरात (आमच्या घरी अजून औरंगाबादच म्हणतात) कुणी वसतिगृहात, कुणी पाच जणांत एक खोली घेऊन राहतात. बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले पहिले माणूस तेच. मीही तसाच या शहरात आलो. म्हणजे जे पुस्तक पुण्या-मुंबईचा मुलगा दहाव्या वर्षी वाचून टाकतो ते आमचा मुलगा विसाव्या वर्षी प्रथम हातात घेतो. हा उशीर हीच एक साहित्यिक वस्तुस्थिती आहे. दहाव्या वर्षी वाचणारा बन्याच्या मागे धावतो. विसाव्या वर्षी वाचणारा धावतोही आणि मध्येच थांबून प्रश्नही विचारतो. पूर्वी कधी वाचलेल्या पुस्तकाची आठवण त्याच्याजवळ नसते, त्यामुळे त्याच्या मताला हळवेपणाचा रंग लागत नाही.

त्यांना पुस्तके आवडली, हे प्रथम नोंदवतो. आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना हे आवडणार नाही. वाक्ये छोटी, प्रसंग पळते, पान उलटावेसे वाटते, असे जवळजवळ प्रत्येकाने लिहिले. अभ्यासाची जाडजूड पुस्तके रेटणाऱ्या मुलांना वाचनात सुख असते हे कुणी सांगितलेलेच नव्हते. एका मुलीने फक्त सायकलविषयी लिहिले. तिच्या गावात आठवीत सरकारी योजनेतून मुलींना सायकली मिळाल्या. तिची सायकल भाऊ वापरू लागला. बन्याने काय शोधले, कुणाला पकडले याकडे तिचे लक्षच नव्हते. तो विचारल्याशिवाय सायकल काढतो आणि जातो, हेच तिला पुरे साहस वाटले.

दुसरी चर्चा रंगली ती आडनावावरून. 'फेणे' म्हणजे कोण? हे आडनाव चटकन कळत नाही. कुणी म्हणाले बामणाचे, कुणी म्हणाले कोकणातले असेल, एकाने फेणी या खाद्यपदार्थापर्यंत मजल मारली. हसून हसून पुरेवाट झाली. पण या हसण्याच्या तळाशी काय होते ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आपल्याकडे आडनाव विचारणे ही ओळख नसते, तपासणी असते. मालिकेत ही तपासणी बन्याच्या वाटेला येत नाही. तो अनोळखी मुलुखात जातो, लपतो, पळतो, संकटात सापडतो, आणि कुठे तरी त्याला मदतीचा हात मिळतो. मोठी माणसे त्याचे म्हणणे ऐकून घेतात. लेखक तर स्वतःच गोष्टीत येऊन बसतो आणि बन्याचे सांगणे कान देऊन ऐकतो. साहसकथेचे सगळे यंत्र या गृहीतावर चालते की दार ठोठावले तर ते उघडेल आणि पाणी मागितले तर तांब्या हातात मिळेल.

एका मुलाने नेमका इथे बोट ठेवले. त्याचा प्रश्न असा, की पळून आलेल्या या पोराला पाणी देताना कुणी काहीच कसे विचारत नाही? वरून ओंजळीत ओतले की भांडे दिले, हे लेखक सांगत का नाही? भल्या समीक्षकाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. साहसकथेत भांड्याचे काय, असे तो म्हणेल. पण ज्याच्या आजोबाने उभ्या जन्मात ओंजळीशिवाय पाणी प्यायले नाही, त्याला त्या प्रसंगात भांडे दिसणार नाही तर काय दिसणार? वाचकाचे मत ही त्याच्या आवडीनिवडीची गोष्ट आहे असे आपण समजतो. खरे तर वाचक आपल्या घराण्याची सगळी तहान घेऊन पुस्तकापाशी येतो.

या मुद्द्यावर माझ्या एका सहकारी मित्राशी माझा वाद झाला. तो चळवळीत वाढलेला, परखड. त्याचे म्हणणे, हे जातविहीन जग ही शुद्ध फसवणूक आहे. जात दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा नव्हे, लेखकाला ती पाहायची नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि अशी पुस्तके आपल्या मुलांच्या हातात देणे म्हणजे त्यांना पुन्हा मध्यमवर्गाच्या पंगतीत वाढपी म्हणून उभे करणे. तो हे वर्गातच बोलला. त्यावर एक विद्यार्थिनी उभी राहून म्हणाली, "सर, हे खरं नाही हे मला माहीत आहे. पण वाचताना दोन तास कुणी मला आडनाव विचारलं नाही."

या दोघांत मी कुणाच्या बाजूचा? माझ्या मित्राचे निदान बरोबर आहे. भागवतांच्या जगात समता आहे असे म्हणता येणार नाही. तिथे जातीविषयी मौन आहे, आणि मौन म्हणजे समता नव्हे. मात्र त्याने सांगितलेला उपाय मला मान्य नाही. मुलीने त्या मौनाचा वापर लेखकाच्या मनात नसलेल्या कामासाठी केला. तिने त्यात विसावा घेतला. प्रस्थापितांच्या पुस्तकातून आपल्याला हवे ते काढून घेण्याची ही ताकद आहे, आणि ती वाचकाजवळ असते. त्याला ती आहे हे नाकारणारी समीक्षा, मग ती आपल्या बाजूची का असेना, वाचकाला अज्ञानी ठरवते. रंजन हे पाप आहे असे आपल्या समीक्षेने बरीच वर्षे मानले. साहित्य हे शस्त्र आहे, हे आपण म्हटले आणि योग्यच म्हटले. पण बारा वर्षांच्या पोराने हाती काय घ्यायचे याचा विचार आपण फारसा केला नाही.

आता युद्धाकडे येतो. कुमारवयीन मुलगा आघाडीपर्यंत पोहोचतो, शत्रूला चकवतो, जवान त्याची पाठ थोपटतात, हा साहसमालिकेचा ठरलेला आनंद. माझ्या वर्गात महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या सैनिकाचा नातू होता. त्याला हे सारे फार सोपे वाटले. त्याच्या घरी युद्ध म्हणजे एक लोखंडी ट्रंक, दर वर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला आणि रात्री झोपेत ओरडणारा आजोबा. त्याने लिहिले की बन्याला आघाडीवर जायला काहीच लागत नाही, आपल्याला अर्ज लागतो. त्याच्या मनात कदाचित भरतीचा अर्ज असेल. पण त्या वाक्याला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेली माणसे एका हुकुमाने 'लढवय्ये नसलेली' ठरली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा तीच मागणी सरकारपुढे मांडली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. देशासाठी मरण्याची परवानगी मिळावी म्हणून ज्यांना अर्ज लिहावे लागले, त्यांच्या पणतूने 'जवानमर्द' हा शब्द वाचला की त्याच्या मनात काय उमटत असेल? मध्यमवर्गीय वाचकाला या शब्दाने स्फुरण चढते. आमच्या मुलाला त्यात एक जुनी कैफियत ऐकू येते. पुस्तक तेच, शब्द तोच.

आणखी एका अभिप्रायाने मला अनेक दिवस बेचैन केले. परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीने बन्याच्या लपण्याविषयी लिहायला घेतले आणि दुसऱ्याच परिच्छेदात ती आपल्या आजीवर आली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे पेटले ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. घरे जळाली, माणसे मारली गेली, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचे नाव आजही आपल्या गाण्यांत आहे. त्या वेळी ही आजी अकरा-बारा वर्षांची होती, म्हणजे साधारण बन्याच्याच शाळकरी वयाची. वस्तीवर माणसे चालून आली तेव्हा ती धाकट्या भावाला घेऊन शिवारात पळाली. नातीने लिहिले आहे : गोष्टीत मुले उभ्या पिकात लपतात. आजी म्हणते, जुलैच्या अखेरीला ज्वारी गुडघ्याएवढीच असते. तिच्यात उभे राहून लपता येत नाही. चिखलात पालथे पडून राहावे लागते, आणि भाऊ रडू नये म्हणून त्याचे तोंड दाबावे लागते.

युद्धातून वाचण्याच्या कथेवर यापेक्षा नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. तिच्यात साहसकथेच्या घडणीचा एक मूलभूत प्रश्न आला आहे. फास्टर फेणेच काय, अशी कुठलीही मालिका घ्या. तिचा शत्रू बाहेरून येतो. तो अनोळखी असतो, त्याची भाषा वेगळी असते, तो हरला की निघून जातो. मुलगा घरी परततो. घर जागेवर असते, शाळा जागेवर असते, म्हणून तर पुढचे पुस्तक लिहिता येते. मालिकेला दर वेळी सगळे पूर्ववत व्हावे लागते. या आजीचा शत्रू बाहेरचा नव्हता. त्याच्या शेतात तिच्या आईने खुरपणी केली होती. सणाला त्याच्याच वाड्यावरून पोळी आली होती. आणि सारे शांत झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तिच्या बापाला मजुरीसाठी त्याच्याच बांधावर जाऊन उभे राहावे लागले. घर जळालेले होते, विहीर गावाची होती, पोलीस पाटील तोच होता. पूर्ववत होणे म्हणजे इथे सुटका नव्हे, तीच शिक्षा. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ यावे लागले, पंधरा-सोळा वर्षे. तोवर ही मुलगी लग्न होऊन, मुले होऊन, मोठी झाली होती. या अनुभवाला मालिकेचा साचा कसा पुरावा?

किशोरांच्या साहसमालिकेला एवढे अवघड प्रश्न पेलतील का, अशी शंका कुणी घेईल. त्यासाठी दूरचे एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियात जॉन मार्सडेन या लेखकाची 'टुमॉरो' नावाची सात कादंबऱ्यांची मालिका १९९३ ते १९९९ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिथल्या तरुण वाचकांनी ती डोक्यावर घेतली. एका खेड्यातली काही मुलेमुली रानात सहलीला जातात. परत येतात तो देशावर परकीयांनी आक्रमण केलेले, घरे ओस पडलेली, आईबाप जत्रेच्या मैदानात कोंडलेले. पुढे ही मुले रानातून लढतात. कथा सांगणारी एली ही शेतकऱ्याची मुलगी आहे. आपण जगलो याची नोंद राहावी म्हणून ती लिहिते. मार्सडेन शत्रूदेशाचे नाव कुठेच घेत नाही. शत्रूच्या बाजूने एवढेच सांगितले जाते की या भागातली विषमता दूर करायला आम्ही आलो आहोत. ही जमीन थोड्यांनी बळकावली आहे, असे आक्रमक म्हणतात, आणि मुलांना त्यावर विचार करावा लागतो. तिथल्या समीक्षकांनी त्याच्याही पुढे जाऊन विचारले, की १७८८ पासून ज्या आदिवासींची जमीन गोऱ्यांनी घेतली ते या कथेत कुठे आहेत? आक्रमणाची भीती गोऱ्या शेतकऱ्याला वाटते, पण त्याचे स्वतःचे शेत कसे झाले? २०१० साली मालिकेवर चित्रपट निघाला आणि त्यात शत्रू आशियाई चेहऱ्याचे दाखवले तेव्हा त्यावरही आक्षेप निघाले. आणि याच मार्सडेनने १९९८ साली, मालिका चालू असतानाच, चित्रकार शॉन टॅनसह 'द रॅबिट्स' हे चित्रपुस्तक केले. त्यात गोऱ्यांची वसाहत सशांच्या रूपकाने, आधीपासून राहणाऱ्यांच्या नजरेतून सांगितली आहे. मार्सडेन २०२४ च्या डिसेंबरात वारला. त्याची मालिका निर्दोष आहे असे नाही. पण 'जमीन मुळात कुणाची' हा प्रश्न मुलांच्या पुस्तकाला विचारता येतो, आणि विचारला म्हणून पुस्तक मरत नाही, एवढे त्यावरून दिसते.

आपल्याकडे जगण्याच्या लढाईची पुस्तके कमी आहेत का? याच शहरात प्राध्यापकी केलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आले. पोरक्या मुलाने भुकेशी झुंजत शाळा कशी गाठली, याची ती कहाणी आहे. 'बलुतं' १९७८ सालचे, 'उपरा' १९८० सालचे, 'अक्करमाशी' १९८४ सालचे. या साऱ्यांत एक मूल जीव वाचवीत पळते आहे. पण ही पुस्तके मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिली. त्या मुलाकडे मागे वळून पाहणारा माणूस जाणता झालेला आहे, आणि त्याच्या वेदनेला साक्ष हवी आहे, न्याय हवा आहे. माझे विद्यार्थी ती अभ्यासक्रमात वाचतात, दहा गुणांच्या प्रश्नासाठी टिपणे काढतात. खासगीत सांगतात की वाचताना दम लागतो. घरचेच पुन्हा वाचायला दिल्यासारखे वाटते. त्यांना असे पुस्तक हवे आहे की ज्यात वस्तीतले पोर डोके चालवून, चपळाईने, हसत-खेळत एकदा तरी जिंकते. त्यांची ही मागणी मला पळवाट वाटत नाही. जिंकणे ही कल्पनासुद्धा ज्यांना आयती मिळाली नाही त्यांची ती मागणी आहे.

ते पुस्तक भागवतांच्या नकलेतून निघणार नाही. बन्याच्या जागी आपला पोरगा बसवला आणि फुरसुंगीच्या जागी आपले गाव घातले की झाले, असे समजणारे हौशी लेखन मी पाहिले आहे. पहिल्याच पानावर नायकाला तहान लागते आणि लेखकाला काय लिहावे ते सुचत नाही. तिथे त्याने ते बंद दार लिहिले पाहिजे. बंद दारापुढे उभा राहिलेला पोरगा काय शक्कल लढवतो, हे साहस भागवतांच्या नायकाला कधी करावे लागले नाही. गुडघ्याएवढ्या ज्वारीत दोन पोरे रात्र कशी काढतात, पहाटे कुठल्या ओढ्याने निघतात, कुणाचे कुत्रे ओळखीचे म्हणून भुंकत नाही, कुठल्या घरातली म्हातारी परसातल्या दाराने भाकरी देते आणि ते कुणाला सांगू नका म्हणते, हे सारे आजीला पाठ आहे. ती म्हातारीही त्याच गावची, त्याच जातीची होती, हे विसरून चालणार नाही. लेखक तिला वगळील तर तोही मौनच पाळील.

त्या विद्यार्थिनीला मी पुढे लिहायला सांगितले. तिची अकरा पाने झाली आहेत. बाप मजुरीसाठी त्याच बांधावर जातो तिथे ती अडली आहे. इथे गोष्ट संपवायची की नाही, असे तिने विचारले. बन्याची गोष्ट इथे संपली असती, असे मी म्हटले. त्यावर ती म्हणाली की आजीची इथून सुरू होते, कारण आजी दुसऱ्या दिवशीपासून शाळेत जायला लागली आणि शाळेचा रस्ता त्याच बांधावरून होता. त्या रस्त्यावर पुढची चार वर्षे काय काय झाले ते ती सध्या आजीकडून लिहून घेते आहे. पाने पुरी व्हायची आहेत, म्हणून मी ती अजून संपादकांकडे दिलेली नाहीत.